पहिले 35 लाख: जुनं घर दुरुस्त करून विकावं की नवं बांधून?

प्रश्न थोडक्यात असा. परभणीचे दोघे भाऊ. मोठा खासगी नोकरीत, धाकट्याचा सिव्हिलचा डिप्लोमा झालाय. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. त्यांचे आणि दोघांचे मिळून 35 लाख हाताशी आहेत. छत्रपती संभाजीनगरात 30 बाय 40 चा एक प्लॉट बघून ठेवलाय, त्यावर दोन मजली घर बांधून विकायचं. किंवा सिडकोतलं एखादं जुनं रो-हाउस घ्यायचं, नीटनेटकं करायचं आणि विकायचं. ‘दोन्हीपैकी जास्त पैसे कशात आहेत?’ असं त्यांनी विचारलंय.

मी 27 वर्षं हाच धंदा करतोय, दोन्ही बाजूंनी. उत्तर आधीच देऊन टाकतो: तुमचे पहिले 35 लाख जुन्या घरात घाला, पण घर निवडताना माझ्या अटी पाळा. आणि नफा किती हे विचारण्याआधी पैसे किती महिने अडकतील आणि तेवढे महिने घरखर्च चालेल का, ते वडिलांसमोर बसून ठरवा. आपल्याकडे या धंद्यात बुडालेली बहुतेक माणसं घर वाईट बांधलं म्हणून बुडाली नाहीत. घर विकलं जाईपर्यंत त्यांना दम धरता आला नाही.

माझ्याच वहीतले दोन हिशोब सांगतो. आकडे माझे आहेत, तुमच्या गल्लीत वेगळे येतील, पण खर्चाची खाती हीच राहतील.

जुनं रो-हाउस 24 लाखांना घेतलं. 5 टक्के मुद्रांक शुल्क आणि 1 टक्का स्थानिक अधिभार मिळून 1 लाख 44 हजार. नोंदणी फी 1 टक्का, म्हणजे 24 हजार (ही फी 30 हजारांच्या वर जात नाही). वकील, शोध अहवाल, वर्तमानपत्रातली नोटीस यांचे 20 हजार. दुरुस्तीचा अंदाज 4 लाखांचा होता, झाले 5 लाख 35 हजार. घेतानाची आणि विकतानाची दलाली 59 हजार. थकलेली घरपट्टी, पाणीपट्टी आणि लाइटबिल 18 हजार. एकूण 32 लाख. आठव्या महिन्यात 35 लाख 50 हजारांना दस्त झाला. हातात साडेतीन लाख, प्राप्तिकर त्यातूनच.

नवं घर असंच, 1,200 फुटांच्या प्लॉटवर. प्लॉट 18 लाख, दस्तखर्च 1 लाख 26 हजार. 1,500 फूट बांधकाम, 1,900 रुपये फुटाने साडेअठ्ठावीस लाख. परवानगी, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल डिझाइन 1 लाख 40 हजार. बोअर आणि मीटर 1 लाख 20 हजार, कंपाउंड आणि गेट 1 लाख 60 हजार, दलाली 62 हजार. स्वतःचे 35 लाख संपल्यावर उरलेले पतसंस्थेकडून घेतले, त्याचं व्याज सव्वा लाखाच्या घरात. सगळं मिळून 53 लाख 80 हजार. सोळाव्या महिन्यात 62 लाखांना विकलं. उरले 8 लाख 20 हजार.

वरवर बघितलं तर साडेतीन कुठे आणि सव्वाआठ कुठे. पण महिन्यावर वाटून बघा. जुन्या घराला महिन्याला 44 हजार पडले, नव्याला 51 हजार. फरक सात हजारांचा आहे, आणि तेवढ्यासाठी मी वीसेक लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन दीड वर्षाच्या आसपास झोप घालवली होती. त्या सोळा महिन्यांत जुन्या घरांच्या दोन फेऱ्या झाल्या असत्या. नव्या माणसासाठी दुसरी फेरी फार मोलाची असते, कारण पहिल्या फेरीतली चूक तिथे सुधारता येते. नव्या बांधकामात चूक सुधारायची संधी थेट पुढच्या घरात मिळते, तेही पुढचं घर झालं तर.

आता जुनं घर कसं निवडायचं. आधी कागद, मग भिंती. घर आवडलं की कागदाकडे दुर्लक्ष होतं, म्हणून हा क्रम मोडू नका.

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आपल्या जमिनींचे कागद पश्चिम महाराष्ट्रासारखे नाहीत. खिदमतमाश, मददमाश (सेवेसाठी किंवा मदत म्हणून दिलेली इनामं), देवस्थान इनाम, वक्फ यांच्या जमिनी शहरांच्या मधोमध आहेत. 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याने मिळालेल्या जमिनी आहेत. आजचा सातबारा स्वच्छ दिसतो म्हणून समाधान मानू नका. वकिलाला 30 वर्षांचा शोध घ्यायला सांगा आणि मूळ सर्व्हे नंबरचं 1954-55 चं खासरा पत्रकही, म्हणजे जमिनीची जुनी सरकारी नोंद, काढायला लावा. जमीन कुणाची होती, वर्ग 2 ची (विकायला सरकारी परवानगी लागणारी) होती का, ते तिथे समजतं. जुने कागद मोडीत किंवा उर्दूत निघाले तर ते वाचून घेण्याचे पैसे द्या. मी एकदा हे पैसे वाचवले आणि 11 लाखांचा व्यवहार दोन वर्षं अडकून पडला.

सिडकोच्या घरांचं आणखी वेगळं. तिथली घरं मुळात भाडेपट्ट्याने दिलेली आहेत, हस्तांतरणाला कोणती परवानगी आणि शुल्क लागतं ते आधी सिडकोत विचारा. अडचण बहुतेक मधल्या व्यवहारांत असते. मूळ मालकाने 1990 च्या सुमारास मुखत्यारपत्रावर घर दिलं, त्याने पुढे दिलं, आणि सिडकोच्या कागदावर अजून पहिलंच नाव. असा मालक ‘दोन लाख कमी करतो’ म्हणेल. घेऊ नका. मूळ मालकाचे वारस पुणे-मुंबईला पांगलेले असतात, एकेकाची सही आणताना तुमचे आठ महिने जातील. शिवाय या घरांना पुढे-मागे खोल्या वाढवलेल्या असतात. मंजूर नकाशात किती आहे आणि जागेवर किती आहे ते टेप धरून मोजा. बँक कर्ज नकाशातल्या घरावर देते, मागच्या बाजूला वाढवलेल्या खोलीवर नाही.

गुंठेवारीचंही, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांचंही, तसंच. 2001 च्या कायद्याने आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करून घेता येतात. मालकाने ते करून घेतलं असेल तर कागद बघून विचार करा. केलं नसेल तर दर कितीही उतरला तरी थांबा. तुमच्याकडे रोख आहे, तुम्ही घ्याल. पण तुमच्याकडून घेणारा शिक्षक, पोलिस, एमआयडीसीतला ऑपरेटर, नर्स. ते सगळे कर्ज काढून घर घेतात. बँकेने नाही म्हटलं की तुमचं गिऱ्हाईक गेलं. म्हणून इसार देण्याआधी एका बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाला आणि व्हॅल्युअरला फी देऊन विचारा: ‘या घरावर उद्या कर्ज होईल का?’ या एका प्रश्नाने माझी निम्मी घरं बाद होतात. बँक इमारतीचं उरलेलं आयुष्यही बघते, चाळीस वर्षांच्या लोड बेअरिंग (कॉलम नसलेल्या, भिंतींवरच उभ्या) घरावर वीस वर्षांचं कर्ज सहज मिळत नाही.

भिंतींकडे येऊ. घर पावसाळ्यात बघावं, श्रावण-भाद्रपदात, दोन दिवस झड लागून गेल्यावर. मार्च-एप्रिलमध्ये मराठवाड्यातलं कुठलंही घर कोरडं ठणठणीत असतं. नुकताच रंग मारलेलं घर असेल तर मी तळापासून दीड फुटावर भिंतीला हाताचा पालथा पंजा लावतो. ओल बोटांआधी तिथे कळते. मग कपाटं सरकवून मागची भिंत बघतो, मोरीच्या पलीकडच्या खोलीची भिंत बघतो.

स्लॅबसाठी एक छोटी हातोडी, टॉर्च आणि शिडी लागते. हातोडीने छताला हलके ठोके देत जा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, खोकल्यासारखा आवाज आला की तिथे गिलावा सुटलाय किंवा कॉंक्रीट. मालकाला विचारून तेवढाच हातभर तुकडा काढा. गेल्या पावसाळ्यात सिडकोच्या एन-सात भागात एक घर बघत होतो. हॉलच्या पंख्याच्या हुकाजवळ रंगाला केसाएवढी सरळ रेघ होती. ठोका दिला आणि ताटाएवढा पापुद्रा खाली आला. आत आठ एमएमची सळई गंजून फुगली होती, बोटाने घासली तर पानांसारखे पदर निघत होते, मूळ लोखंड काडीएवढं राहिलं होतं. गंजलेलं लोखंड फुगतं, फुगलं की कॉंक्रीट ढकलतं, भेगेतून पाणी आत जातं आणि गंज आणखी वाढतो. एका खोलीत एवढं असेल तर सळई घासून, रसायन लावून, पॉलिमर मॉर्टरने भरता येतं. तीन खोल्यांत असेल तर ते घर दुरुस्तीचं नाही, पाडून बांधण्याचं आहे. मग त्याला प्लॉटचाच भाव द्यायचा. त्या घराचा व्यवहार मी सोडला.

एका प्रकारच्या घराला मी हात लावत नाही, आणि तुम्हीही लावू नका. दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. जालना, बीड, लातूर, धाराशिव, कुठल्याही जुन्या गावठाणात ही घरं स्वस्तात मिळतात. सागवान खांब, कोनाडे, उन्हाळ्यात गार, बघून मन बसतं. पण मी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारी भागात गेलो होतो, तेव्हा शिकत होतो. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची ती पहाट. दोन-अडीच फूट जाड भिंती बाहेरची एक बाजू आणि आतली एक बाजू अशा रचलेल्या, मध्ये माती आणि खडी, दोन्ही बाजूंना बांधणारे जोड दगड नाहीत. वर फूट-दोन फूट मातीचा थर, दरवर्षी पावसाआधी त्यात भर घातलेली. जमीन हलली तशा भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटल्या आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. 2024 मध्येही हिंगोली, नांदेड, परभणीत जमीन हलली, ते तुम्ही स्वतः अनुभवलं असेल. अशा घराला जोड दगड घालून, आरसीसी पट्टा देऊन मजबूत करता येतं, आणि ज्याला त्यात राहायचंय त्याने ते जरूर करावं. पण त्याला नुसती पुट्टी आणि रंग मारून दुसऱ्याच्या लेकराबाळांना विकणं हे पाप आहे. माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

घर घेतल्यावर पैसा कुठे घालायचा? पाण्यावर आणि ओलीवर. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि उतार नीट. संडास-बाथरूमची जुनी लोखंडी पाइपलाइन पूर्ण काढून नवी. वायरिंग नवं, अर्थिंगसकट. आणि पाण्याची साठवण. संभाजीनगरला पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं, पण नळाला किती दिवसांनी येईल हे गल्लीगल्लीवर ठरतं. गिऱ्हाइकाची बायको आधी टाकी किती लिटरची आहे ते विचारते, मग किचन बघते. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना टाकीचं महत्त्व सांगावं लागत नाही. पाच हजार लिटरची जमिनीखालची टाकी मी प्रत्येक घरात करतो, जागा असेल तर गच्चीचं पाणी बोअरला सोडतो. इटालियन टाइल, फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचनमध्ये घातलेला रुपया आपल्या बाजारात रुपया म्हणून परत येत नाही. शहाबादी फरशी चांगली असेल तर पॉलिश करून राहू द्या. अंदाजात तिसरा हिस्सा वाढवून धरा. वरच्या हिशोबात 4 चे 5.35 झाले, ते बाथरूमची फरशी उचलल्यावर.

नव्या बांधकामाबद्दल थोडं, कारण धाकट्याचं मन तिकडे आहे आणि पुढे तुम्ही ते करालच. नव्या घरात धोका जमिनीखाली असतो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, ती हीच माती. परभणी, नांदेड, हिंगोलीकडे ती खोल आहे. संभाजीनगरात कुठे दोन फुटांवर मुरूम लागतो, तर शेजारच्याच प्लॉटवर आठ फुटांवर. 2009 मध्ये मी चार रो-हाउस बांधली. तीन खड्ड्यांत मुरूम लागला. चौथ्यात माती संपेना, पाऊस तोंडावर आला होता, मी साडेचार फुटांवरच पीसीसी, म्हणजे पायाखालचं साधं कॉंक्रीट, टाकून घेतलं. दोन उन्हाळे गेले आणि त्या घराच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या, पाच रुपयांचं नाणं आत जाईल एवढ्या. घर घेणारे गृहस्थ निवृत्त तलाठी होते. भांडले नाहीत. ‘साहेब, येऊन बघून जा’ एवढंच म्हणाले. दुरुस्तीला एक लाख चाळीस हजार लागले, ते मी दिले. तेव्हापासून कठीण मुरूम लागेपर्यंत खोदतो, नाहीच लागला तर डिझाइनरकडून पाइलचं (जमिनीत खोल जाणाऱ्या कॉंक्रीटच्या खांबांचं) डिझाइन घेतो. जोत्याच्या आत भरायला काळी माती कधीच नाही, मुरूमच, थराथराने पाणी मारून धुमस केलेला. आणि घराभोवती तीन फूट फरसबंदी, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी जिरत नाही.

सळई जालन्याची मिळते, जवळ आहे, वाहतूक कमी पडते. पण वजन करून घ्या: 12 एमएमची सळई मीटरला 888 ग्रॅम भरली पाहिजे. स्लॅब मे महिन्यात टाकावा लागलाच तर संध्याकाळी सुरू करा, दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी भरा आणि किमान दहा-बारा दिवस ते आटू देऊ नका. हे बघायला माणूस जागेवर हवा. परभणीहून आठवड्यातून एकदा येऊन घर बांधता येत नाही. धाकटा संभाजीनगरात राहणार नसेल तर नव्या बांधकामाचा विचारच करू नका.

कायद्याचं आणि कराचं मोजकं सांगतो, बाकी सीएला विचारा. 500 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला किंवा आठपर्यंत घरांना रेराची (बिल्डरांवरच्या नियमन कायद्याची) नोंदणी लागत नाही, तेव्हा तुमचं एक घर त्यात येत नाही. तरी रेरात पाच वर्षांची जी जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे, ती मी एका घरालाही लिहून देतो. त्यानेच माझं पुढचं गिऱ्हाईक येतं. बांधकाम चालू असताना घर विकलं तर जीएसटीचा प्रश्न येतो, भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर विकलं तर येत नाही, जुन्या घराच्या विक्रीवरही नाही. घर 24 महिन्यांच्या आत विकलं की नफा अल्पकालीन, तुमच्या स्लॅबप्रमाणे कर. वारंवार केलं की तो धंदाच धरला जातो, मग पहिल्यापासून बिलं जपून ठेवा. 50 लाख आणि त्यावरच्या व्यवहारात घेणारा 1 टक्का टीडीएस कापून भरतो, तो तुमच्या करात वळता होतो. इसार म्हणून 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, कायद्याने चालत नाही. घर आईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. स्त्रीने असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकू नये ही जुनी अट 2023 मध्ये निघाली. मात्र पैसा वडिलांचा असेल तर नफा वडिलांच्याच उत्पन्नात धरला जातो, हे लक्षात ठेवून ठरवा. आणि रेडीरेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, आधी बघा, व्यवहार त्याच्या खाली असला तरी शुल्क त्यावरच लागतं.

35 पैकी वडिलांचे 5 लाख आधीच बाजूला काढा, बँकेत मुदत ठेव करा, त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे तुमच्याकडे 30 राहतात आणि घर 21-22 लाखांच्या आतलं बघावं लागतं. 24 चं मोह पडेल असं घर दिसेल. ते सोडा.

वेळ मात्र अशी धरा. या पावसात दहा-बारा घरं बघा, दोन निवडा, कागद वकिलाकडे द्या. पितृपक्षात कुणी व्यवहार करत नाही, म्हणून त्याच पंधरवड्यात मालकाशी भाव बोलून ठेवा, तेव्हा माणूस ऐकतो. सही आणि इसार दसऱ्याला. दस्त दिवाळीच्या आधी झाला तर उत्तम. काम दिवाळीनंतर लावा. गवंडी, प्लंबर गावाकडून परत आलेले असतात, थंडीत काम चांगलं होतं. जानेवारीअखेर रंग. फेब्रुवारीत गिऱ्हाईक दाखवायला सुरुवात करा, तोवर सोयाबीन-कापसाचे पैसे घराघरांत आलेले असतात आणि नोकरदार मुलांच्या पुढच्या वर्षाच्या शाळेच्या हिशोबाने घर शोधत असतात. गुढीपाडवा नाहीतर अक्षय्य तृतीया, या दोनपैकी एका मुहूर्तावर घर जातं. दोन्ही गेले तर भाव लाखभर उतरवा आणि जूनच्या आत मोकळे व्हा, नाहीतर भाडेकरू ठेवा, पण अकरा महिन्यांचा करार नोंदवून.